डॉसनला पाऊस लागला म्हणून गाडी उत्तरेला वळवली: डेम्पस्टर हायवे, युकॉन ते आर्क्टिक समुद्र

हिरवी_वेलची

मूळ बेत अलास्काचा होता. कॅनडातल्या एडमंटनहून अलास्का हायवेने व्हाइटहॉर्स, तिथून डॉसन सिटी, मग फेरीबोटीने युकॉन नदी ओलांडायची आणि 'टॉप ऑफ द वर्ल्ड' नावाच्या रस्त्याने अमेरिकेत शिरायचं. डॉसनला पोचलो तर ढग इतके खाली उतरलेले की नदीपलीकडचा डोंगरसुद्धा दिसेना. त्या रस्त्याचं सगळं कौतुक तो डोंगरांच्या माथ्यामाथ्यावरून जातो म्हणून. कच्च्या रस्त्यावर धुक्यातून जीव मुठीत धरून जायचं आणि दिसायचं काहीच नाही, त्यापेक्षा कपडे तरी धुऊन घेऊ म्हणून लाँड्रोमॅटमध्ये जाऊन बसलो.

तिथे इंधनाचा टँकर चालवणारे एक काका ड्रायरमधून कपडे काढत होते. म्हणाले, इथे हे असंच राहणार, पण ऑगिल्वी डोंगरांच्या पुढे लख्ख ऊन आहे, आजच तिकडून आलो. तिकडून म्हणजे डेम्पस्टर हायवेवरून. डॉसनच्या अलीकडे चाळीसेक किलोमीटरवर क्लोंडाइक हायवेला एक फाटा फुटतो आणि सरळ उत्तरेला इनुविक गावापर्यंत जातो. ७३६ किमी, दोन्ही टोकांचे मोजके किलोमीटर सोडले तर सगळा खडीचा. इनुविकच्या पुढे २०१७ पासून आणखी १३८ किमी रस्ता झालाय, तो तुक्तोयाक्तुकला आर्क्टिक महासागराला जाऊन टेकतो. कॅनडात गाडीने त्या समुद्रापर्यंत नेणारा बारमाही रस्ता हा एकच.

मी नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस कोपऱ्यावर भाजी आणायला जातानाही यादी करतो, त्यामुळे उत्तर मला माहीत होतं. तो म्हणाला, "जास्तीचा टायर मिळतो का बघू."

टायर मिळाला. जुना, पण रिमसकट. या रस्त्यावर दोन स्टेपन्या ठेवा असं सगळेच सांगतात, कारण खडीत शेल नावाच्या दगडाचे धारदार तुकडे असतात. मग दहा लिटरचा पेट्रोलचा कॅन, पाण्याचे डबे, ब्रेड, बटाटे, कांदे. पिठलं-भाताची सोय, भाजणी आणि मेतकूट घरूनच घेतलं होतं. बेअर स्प्रे, उबदार स्लीपिंग बॅगा आणि सॅटेलाइट मेसेंजर अलास्कासाठी म्हणून गाडीत होतेच. डॉसनमध्ये शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाचं माहिती केंद्र आहे. तिथल्या बाईंनी वाटेतल्या दोन नद्यांवरच्या दोन्ही फेरीबोटी चालू असल्याची खात्री करून दिली आणि एकच प्रश्न विचारला, "परत कधी पोचायचंय?" आम्ही म्हटलं, नक्की नाही. "मग जा," म्हणाल्या.

पहिल्या टप्प्यात टुम्बस्टोन पार्क लागतं. ऑगस्ट संपत आलेला, त्यामुळे टुंड्रा पेटलेला होता. तिथे रंग झाडांवर नसतो, जमिनीवर असतो. घोट्याएवढी बुटकी बर्च, बेअरबेरी, ब्लूबेरीची झुडपं, सगळी लाल-किरमिजी, आणि त्यातून वर आलेले काळे सुळके. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला सुळक्यांचं अप्रूप नसतं असं मला वाटायचं. पण इथे सुळका आणि आपण यांच्या मध्ये गाव नाही, शेत नाही, विजेची तार नाही.

डॉसन सोडल्यावर थोड्याच वेळात मोबाइलचा सिग्नल जातो तो थेट फोर्ट मॅक्फर्सन गावालाच येतो, म्हणजे साडेपाचशेहून जास्त किलोमीटर काहीही नाही. गाणी आम्ही डाउनलोड केलेली नव्हती. नवऱ्याला भावगीतांची पहिली कडवी येतात, दुसरी येत नाहीत. मला उलट, मधलीच कुठली तरी येतात. त्यावर बराच रस्ता निघाला. भांडण एकाच गोष्टीवरून झालं, ते म्हणजे काच. समोरून ट्रक आला की धुळीसाठी काच लावायची, ट्रक गेला की मला हवा हवी, त्याला हीटर.

ट्रक दिसला की वेग एकदम कमी करून उजवीकडे सरकायचं, जमलं तर थांबायचं. दिवे कायम चालू. दोन ट्रकवाल्यांनी हात केला, तिसऱ्याने काचेवर खडा मारला. त्यात त्याची काही चूक नव्हती, खडीच तशी.

रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा बराच उंच आहे, बांधावरून चालल्यासारखं वाटतं. त्याचं कारण ईगल प्लेन्सला एकाने समजावलं. खाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे कायमची गोठलेली जमीन. रस्त्यामुळे ती तापली आणि वितळली तर रस्ताच खचेल. म्हणून मूळ जमीन खरवडायची नाही, तिच्यावर काही ठिकाणी २.४ मीटरपर्यंत जाडीचा खडीचा थर टाकायचा, म्हणजे खालची थंडी खाली राहते. १९५९ ला सुरू झालेलं काम मधली कित्येक वर्षं बंद पडून, शेवटी १९७९ च्या ऑगस्टमध्ये रस्ता खुला झाला.

ईगल प्लेन्स हे गाव नाही. ३६९ व्या किलोमीटरला एक हॉटेल, पेट्रोल पंप, टायरचं दुकान. फाट्यापासून तिथपर्यंत दुसरा पंप नाही. आम्हाला त्याच्या जरा अलीकडेच टायरने दगा दिला. फाटला वगैरे नाही, बोटाच्या पेराएवढा शेलचा तुकडा आत घुसलेला आणि हवा सूं करत चाललेली. बारीक पाऊस येऊन गेला होता. धूळ बसावी म्हणून इथे कॅल्शियम क्लोराइड टाकतात, त्याच्यावर पाणी पडलं की साबणासारखा चिखल होतो. नटांमध्ये तो भरलेला, स्पॅनर बसेना. नवरा स्क्रू-ड्रायव्हरने एकेक नट कोरत होता आणि मी जॅकखाली द्यायला फळी धरून उभी, कारण जॅक खडीत रुतत होता. (फळी न्याच. चॉपिंग बोर्डही चालतो, आमचा चालला.) त्या सगळ्या वेळात एक गाडी आली. ती थांबली, काच खाली झाली, "ठीक आहात ना?" विचारलं आणि आम्ही हो म्हटल्यावरच पुढे गेली. तिथली रीतच तशी आहे, विचारल्याशिवाय कोणी पुढे जात नाही.

४०५ व्या किलोमीटरला आर्क्टिक वृत्ताची पाटी. फोटो काढला. खरी मजा त्याच्या पुढे, रिचर्डसन पर्वत सुरू होतात तिथे. एकही झाड नाही, आणि वारा असा की गाडीचं दार उघडताना हाताने घट्ट धरावं लागतं. ४६५ ला राइट पास, तिथे युकॉन संपून नॉर्थवेस्ट टेरिटरीज सुरू होतं आणि उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे जातं. खाली उतरलं की पील नदी, तिच्यापुढे मॅकेन्झी. दोन्हींवर पूल नाहीत, फेरीबोटी आहेत, फुकट. पाण्याची पातळी रोज वरखाली होते, म्हणून धक्का असा नसतोच. एक लोडर सतत खडी ढकलून बोटीपुढे उतार करून देत असतो.

इनुविकबद्दल थोडक्यात. घरं खांबांवर, कारण तेच, पर्माफ्रॉस्ट. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ जमिनीखालून नेता येत नाहीत म्हणून घराघरांमधून पत्र्याच्या पेटाऱ्यांतून वरून जातात. इग्लूच्या आकाराचं चर्च आहे. एक छोटी मशीदही आहे, ती २०१० साली विनिपेगमध्ये बांधून ट्रकने आणि मग बार्जवर घालून चारेक हजार किलोमीटर आणली. आम्ही गरम पाण्याने अंघोळ केली, टायर दुरुस्त करून घेतला आणि पुढे निघालो.

तुक्तोयाक्तुकच्या वाटेवर झाडं संपतात आणि तळी सुरू होतात. गावाजवळ पिंगो दिसतात, म्हणजे आत बर्फाचा गाभा असलेल्या टेकड्या. त्यातला इब्युक ४९ मीटर उंच आहे, जगातला दुसऱ्या क्रमांकाचा, आणि सपाट जमिनीवर एकटाच उभा असल्यामुळे बराच मोठा भासतो. रस्ता गावातून जातो आणि समुद्राशी संपतो. हजाराच्या आतबाहेर इनुव्हियालुइट या तिथल्या मूळ लोकांची वस्ती. किनारा इतका झिजतोय की काही घरं उचलून आत हलवावी लागली. हे वाचून माहीत होतं, पण घर हलवल्यानंतरची रिकामी जागा आणि तिच्यापुढे दोन पावलांवर लाटा, हे बघितल्यावर फोटो काढावासा वाटला नाही.

समुद्रात नवरा गुडघ्यापर्यंत गेला. मी पूर्ण गेले. मालवणची आहे, समुद्र दिसल्यावर काठावर उभं राहणं जमत नाही. बाहेर आल्यावर मात्र बराच वेळ मला माझ्या पायाची बोटं माझी वाटत नव्हती.

परतीची गोष्ट प्रतिसादात लिहीन, टंकायचा कंटाळा आलाय.

---

खारी_बिस्किट

काय लिहिलंयस! चॉपिंग बोर्डवर जॅक, आणि रात्री त्यावरच कांदा? पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि प्लीज, खाण्याबद्दल सविस्तर. फोडणीच्या वासाने अस्वल आलं का?

---

काटेकोर

लेख वाचनीय आहे, पण एक खटकलं, लिहितोच. "पाऊस लागला म्हणून वळलो" असं वाचून उद्या कोणी भाड्याची सेडान घेऊन निघेल. तुमच्याकडे सॅटेलाइट मेसेंजर, थंडीच्या स्लीपिंग बॅगा, घरचं कोरडं धान्य सगळं आधीच होतं. याला 'अचानक' म्हणत नाहीत. शिवाय साडेपाचशे किमी सिग्नल नाही अशा रस्त्यावर दोघंच, एकच गाडी. टायरच्या जागी रेडिएटर गेला असता तर?

---

दुर्गवाट

काटेकोर, रेडिएटर पुण्या-मुंबईतही जातो हो :)

लडाखला जाणारेही असेच "मनात आलं आणि निघालो" लिहितात, आणि खाली सामानाची यादी दोन पानं. मला प्रश्न वेगळाच पडलाय. तिथे उंची फारशी नाही, म्हणजे हवा विरळ होण्याचा त्रास शून्य. मग लडाखपेक्षा सोपंच म्हणायचं ना?

---

यलोनाइफकर

इथे राहतो म्हणून चार ओळी. दुर्गवाट, उंचीचा त्रास नाही हे बरोबर. पण लडाखला दर थोड्या अंतरावर लष्कराची छावणी, चहाची टपरी, कोणी ना कोणी असतं. डेम्पस्टरवर फाट्यापासून फोर्ट मॅक्फर्सनपर्यंत ५५० किमीत हॉटेल आणि पेट्रोल म्हणाल तर ईगल प्लेन्स एवढंच. टोइंगची गाडी बोलवायची झाली तर ती शेकडो किलोमीटरवरून येते आणि त्या हिशोबानेच पैसे घेते. तुमच्या रोडसाइड असिस्टन्सच्या कागदावर अंतराची मर्यादा काय लिहिली आहे ते आधी वाचा.

लेखातल्या 'बारमाही'बद्दल. रस्ता बारमाही, नद्या नाहीत. हिवाळ्यात पील आणि मॅकेन्झी गोठल्या की बर्फावरूनच गाड्या जातात, त्याला आइस ब्रिज म्हणतात. पण गोठताना आणि फुटताना, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत आणि पुन्हा मेपासून जूनच्या मध्यापर्यंत कधीतरी, ना बोट ना बर्फ. तेवढे आठवडे इनुविक रस्त्याने तुटलेलं असतं आणि दूध-भाजी विमानाने येते. आमचं यलोनाइफही २०१२ पर्यंत असंच होतं. त्या वर्षी मॅकेन्झीवर देह चो पूल झाला आणि आमची सुटका झाली. उत्तरेला अजून नाही.

---

मोडी_वाचक

ज्याच्या नावाने हा रस्ता आहे त्याची गोष्ट लेखात राहिली, ती मी जोडतो.

रस्ता नव्हता तेव्हा पोलिसांची टपाल-गस्त दर हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाड्यांवरून डॉसन आणि फोर्ट मॅक्फर्सनच्या मध्ये जायची, पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास. १९१० च्या डिसेंबरात इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड तीन जणांना घेऊन मॅक्फर्सनहून निघाला. पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाला लंडनला जायचं होतं, त्यामुळे घाई. ओझं कमी व्हावं म्हणून नेहमीपेक्षा कमी शिधा घेतला. वाटेत गाठ पडलेल्या एका ग्विचिन (तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या) वाटाड्याला थोडे दिवस बरोबर ठेवून पैसे देऊन परत पाठवलं. पुढे त्यांचा स्वतःचा वाटाड्या एक ओढा ओळखू शकला नाही, नेमका तिथूनच वळायचं होतं. कित्येक दिवस शोधण्यात गेले. मागे फिरले तोवर शिधा संपत आलेला, एकेक कुत्रा मारून खात खात चौघेही मेले. शेवटचे दोघे मॅक्फर्सनपासून ४० किमीवर सापडले. डॉसनहून त्यांना शोधायला गेलेला कॉर्पोरल डेम्पस्टर. त्याने मात्र ग्विचिन वाटाड्या बरोबर ठेवला होता. १९११ चा मार्च.

थडगी फोर्ट मॅक्फर्सनच्या चर्चच्या आवारात आहेत. वेलची, पाहिलीत का?

---

हिरवी_वेलची

मोडी_वाचक, मनापासून आभार. हो, पाहिली. जाताना नाही, येताना. आणि येताना भरपूर वेळ मिळाला, कारण पील नदीने आम्हाला अडवलं. तेच लिहायचं राहिलं होतं.

इनुविकहून परत निघालो तेव्हा सगळं ठीक होतं. मॅकेन्झी ओलांडली, फोर्ट मॅक्फर्सन आलं, आणि पुढे पीलच्या काठावर गाड्यांची रांग. डोंगरात कुठेतरी जोरात पाऊस झाला होता. नदीतून अख्खी झाडं वाहत येत होती, मुळांसकट. एक स्प्रूस सरळ उभा, शेंडा वर, फिरत फिरत गेला. बोट पलीकडच्या काठाला बांधलेली. कधी चालू होणार? "पाणी उतरेल तेव्हा."

रांगेत तीन ट्रक होते, व्हाइटहॉर्सला दवाखान्यात निघालेलं एक कुटुंब, मोटरसायकलवरचे दोन जर्मन आणि आम्ही. जर्मनांपैकी एकाला व्हाइटहॉर्सहून विमान पकडायचं होतं. तो दर थोड्या वेळाने पाण्याजवळ जाऊन दगड ठेवून यायचा, पातळी कळावी म्हणून. दगड बुडायचा, तो परत यायचा. ट्रकवाले मात्र सीट मागे करून झोपले. त्या काठावर मला कळलं की माहिती केंद्रातल्या बाईंनी टायर, पेट्रोल काहीही न विचारता तारखेबद्दलच का विचारलं.

काटेकोर, तुमचं म्हणणं अर्धं मान्य. सामान होतं, आणि सामानाशिवाय जाऊच नये. पण सामान एका संध्याकाळीत जमतं. जे डॉसनमध्ये विकत मिळत नाही ते म्हणजे शिल्लक दिवस. आमच्या दोघांचीही सुट्टी अलास्कासाठी ऐसपैस काढलेली होती, म्हणूनच आम्हाला 'अचानक' परवडलं. तेच लाँग वीकेंडला जोडून आलो असतो तर मी त्या जर्मनासारखी दगड मोजत बसले असते, किंवा त्याहून वाईट, पुढे घाईत गाडी हाकली असती. फिट्झजेराल्डच्या गोष्टीत मला तरी हेच दिसतं. त्याला रस्ता माहीत नव्हता हे खरं, पण मुळात त्याने शिधाच पोचण्याच्या दिवसाला मोजून घेतला होता.

बाकी ती थांबण्याची रात्र हा आमच्या प्रवासातला सगळ्यात चांगला मुक्काम ठरला. फेरीजवळ कॅम्पग्राउंड आहे. शेजारच्या तंबूत एक ग्विचिन आजी होत्या, नातवाबरोबर. त्यांनी धुरावर वाळवलेला व्हाइटफिश दिला. मासा उभा चिरून, साल तशीच ठेवून, मांसाला आडवे काप दिलेले. तो तुकडा नाकाजवळ नेला आणि मी सरळ आजीच्या माळ्यावर पोचले, सुक्या बांगड्याच्या टोपलीपाशी. नवरा देशावरचा, त्याने तोंड वाकडं न करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. मी बदल्यात थालीपीठं दिली. आजींनी एक खाल्लं, दुसरं रुमालात बांधलं आणि विचारलं, "यात चरबी कुठली?" शेंगदाण्याचं तेल म्हटल्यावर जरा निराश झाल्या.

खारी_बिस्किट, आता तुमच्यासाठी. इथे अस्वलांची भीती खरी आहे, ग्रिझली आहेत. त्यामुळे तंबूजवळ स्वयंपाक नाही, भांडी लगेच धुवायची, आणि खाण्याचं सगळं, टूथपेस्टसकट, गाडीत किंवा कॅम्पग्राउंडच्या लोखंडी पेटीत. हिंग मी घरीच ठेवला होता. फोडणी जिरे-मिरचीची, तीही तंबूपासून लांब, स्वयंपाकाच्या शेडमध्ये. वासाने अस्वल नाही आलं, जर्मन आले.

---

खारी_बिस्किट

"वासाने अस्वल नाही आलं, जर्मन आले." आता हे मी घरात सगळ्यांना वाचून दाखवणार.

शुद्ध शाकाहारी माणसाचं काय होईल तिकडे?

---

हिरवी_वेलची

उपाशी मरणार नाही, कंटाळेल. ईगल प्लेन्सला फ्राइज, ग्रिल्ड चीज सँडविच, पॅनकेक. इनुविकच्या दुकानात बरंच काही मिळतं पण किमती बघून माणूस आपोआप मिताहारी होतो. स्वतःचा स्टोव्ह आणि तांदूळ-डाळ न्यावी, तेच बरं.

---

बुलेटप्रूफ

भाड्याच्या गाडीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बऱ्याच कंपन्यांच्या करारात खडीच्या रस्त्यावर विमा लागू नाही असं बारीक अक्षरात असतं, काहींत डेम्पस्टरचं नावच घालून मनाई असते. माझ्या चुलतभावाने "कोणाला कळतंय" म्हणून नेली होती. तो चिखल वाळल्यावर सिमेंट होतो. परत देण्याआधी दोनदा धुतली तरी चाकांच्या आतून राखाडी खपल्या पडत होत्या. काउंटरवरच्या माणसाने नुसतं वाकून पाहिलं आणि "डेम्पस्टर?" एवढंच विचारलं. व्हाइटहॉर्समध्ये या रस्त्यासाठी परवानगी असलेल्या, दोन स्टेपन्या देणाऱ्या गाड्या मिळतात, महाग पडतात, पण त्याच घ्या.

बाईकवाल्यांसाठी: कोरडं असताना स्वर्ग, ओलं असताना नको. कॅल्शियम क्लोराइडच्या चिखलात पुढचं चाक कुठे जाईल ते देवालाच ठाऊक.

---

दुर्गवाट

नॉर्दर्न लाइट्स दिसले का? इतकं उत्तरेला जाऊन त्यावर एक ओळ नाही!

---

हिरवी_वेलची

दिसले हो. उन्हाळाभर रात्रच होत नाही म्हणून दिसत नाहीत, ऑगस्टच्या मध्यानंतर पुन्हा अंधार पडायला लागतो. पीलच्या काठावर, पहाटे कधीतरी, नवरा उठवायला आला. मी स्लीपिंग बॅगमधूनच विचारलं, "हिरवं आहे का?" तो म्हणाला, हो. मी म्हटलं, "हललं की सांग." मग हललं, आणि मी उठले. त्यावर लोकांनी इतकं लिहिलंय की माझ्याकडे वेगळं काही नाही. मान दुखली एवढं खात्रीने सांगते.

कॅरिबू (तिकडची मोठी हरणं) मात्र दिसले नाहीत. त्यांचा 'पॉर्क्युपाइन' नावाचा कळप या रस्त्याच्या आसपास येतो तो थंडीच्या सुरुवातीला. आम्हाला एक कोल्हा, पुष्कळ टार्मिगन पक्षी आणि लांबून एक ग्रिझली, बेरी खाण्यात इतकी गुंग की तिने वर पाहिलंच नाही.

---

काटेकोर

'शिल्लक दिवस' हा मुद्दा पटला. माझा सूर जरा चढा लागला असेल, पण सॅटेलाइट मेसेंजरचा मुद्दा मी सोडत नाही.

---

हिरवी_वेलची

सोडूच नका. टायर बदलताना त्यावरूनच बहिणीला "थांबलोय, ठीक आहोत" पाठवलं होतं. तिचं उत्तर आलं, "कुठे थांबलाय? तुम्ही अलास्कात ना?" घरी सांगायचं राहूनच गेलं होतं.

---

शेंडेफळ

मस्त धागा! आम्ही टोरांटोला असतो. पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबा पुण्याहून येतायत, दोघेही सत्तरीच्या आसपास. मध्यरात्रीचा सूर्य बघायचाय त्यांना. व्हाइटहॉर्सहून गाडीने इनुविक करावं का? विमानाची परतीची तिकिटं काढून झाली आहेत, मध्ये मोजून एक आठवडा आहे.

---

यलोनाइफकर

जूनच्या पहिल्या आठवड्यात फेरी सुरू झालेली असेलच असं धरून चालू नका. बर्फ फुटून नदी मोकळी व्हायला बऱ्याचदा मध्य जून उजाडतो. इनुविकला साधारण मेच्या अखेरीपासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही, म्हणजे सूर्य नक्की दिसेल, नदी ओलांडता येईल की नाही ते सांगता येत नाही. आई-बाबांना व्हाइटहॉर्सहून किंवा यलोनाइफहून विमानाने इनुविकला न्या.

---

हिरवी_वेलची

+१. विमानानेच न्या. आणि गाडीचा मोह असेलच तर डॉसनहून टुम्बस्टोनपर्यंत जाऊन परत या. फाट्यापासून माहिती केंद्र ७० किमीच्या आसपास आहे, नदी आडवी येत नाही. मात्र जूनच्या सुरुवातीला ते केंद्र उघडलंय का हे आधी विचारा. खिडक्या बंद ठेवूनही धूळ आत येते, बाबांना दमा वगैरे असेल तर मास्क असू द्या. स्टेपनी मात्र तेवढ्या अंतरालाही बघूनच निघा, तिच्यात हवा आहे का ते.